चौरागड: तुमच्या घरचा त्रिशूळ कोणी वाहिला?

सोंगणीवाला: सकाळी हरभरा सोंगत होतो, धुऱ्याजवळून महादेववाल्यांची गाडी गेली. टपावर लाल फडक्यात गुंडाळलेला त्रिशूळ. विळा हातातच राहिला. माझ्या नवसाचा त्रिशूळ बाबांनी पचमढीजवळच्या चौरागडच्या महादेवाला वाहिला तेव्हा मी सहा वर्षांचा. पायऱ्या तेराशेच्या आसपास. खांद्यावर त्यांनी दुपट्ट्याची घडी ठेवलेली, ती सारखी घसरायची. शेवटच्या वळणावर "धर, तुहा तू" म्हणून दांडा माझ्या हातात दिला, पण खालून स्वतःचा हात काही सोडला नाही. वर त्रिशुळांचा हा ढीग! आमचा टेकवला तसे शेजारचे दहा-बारा खणखणले. पुढच्या वर्षी गेलो तर आमचा कोणता ते ओळखूच येईना. लिहा तुमचंही.

संत्र्याची फोड: आम्ही पिपरियापर्यंत रेल्वेनं. मला फक्त माकडानं हातातला नारळ नेला तेवढं आठवते. आई म्हणे, पोचला महादेवाले, चाल आता.

भूगोल मास्तर: दगड निराळा वाटतो ना तिथला? आपल्याकडं काळा बेसाल्ट, पचमढीला वालुकाश्म. अन् सर्वांत उंच चौरागड नाही हं. धूपगड, १३५२ मीटर.

वऱ्हाडी ठेचा: मास्तर, आमच्या गुडघ्याले इचारा कोणता उंच ते.

खालची आळी: मी पचमढीच्याच नागद्वार जत्रेवाली, नागपंचमीची. सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या आतली वाट, जत्रेपुरतीच उघडतात. भर पाऊस, शेवाळलेले दगड, लोखंडी शिड्या. सासूबाई अनवाणी, मी नव्याकोऱ्या बुटात. पडली कोण? मी. अजून ऐकून राह्यले.

संत्र्याची फोड: काकू, तामियाच्या घाटात मळमळलं नाही का? माह्या भावानं खिडकीतून... जाऊ द्या, जेवणाची वेळ आहे.

खालची आळी: लिंबू हुंगत जायचं बाई. थांब, कुकर झाला.

वऱ्हाडी ठेचा: सोंगणीवाले भाऊ, मजूर कुठून भेटले गा? आमच्या गावचे सारे महादेवाले गेले, हरभरा उभाच.

सोंगणीवाला: कुठचे मजूर! मी अन् बाबाच. आता धुऱ्यावर बसून त्यांना हे वाचून दाखवलं. म्हणे, दोन पायऱ्या सोडला होता हात, तुले समजलं नाही.

वऱ्हाडी ठेचा: बाप्पा! बरं, थ्रेशरवाला पोत्यामागं किती घेऊन राह्यला तुमच्याकडं?