कोकणी खाद्यमहोत्सवात आधी काय खावं?

रविवारी आईला घेऊन जातेय. स्टॉल भरपूर, पोट एकच. सुरुवात कशाने करू? आणि तो धूर निघणारा गोड प्रकार घ्यावा का?

गिरगावकर: ताई, सातच्या आत पोहोचा, नंतर नुसती ढकलाढकली. एक प्लेट दोघींत घ्या. कोंबडी-वडे शेवटी, नाहीतर चार वड्यांतच पोट गच्च. सांदणं दिसली तर अजिबात सोडू नका: बरक्या फणसाचा रस, तांदळाचा रवा, गूळ, वर नारळाचं दूध. बोटाला किंचित चिकटली पाहिजेत. भडक नारिंगी असतील तर खुशाल पुढे चला.

मी_मुलुंडची: धूर म्हणजे द्रव नायट्रोजन, उणे 196 अंश! तो पूर्ण उडून गेल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. तोंड, अन्ननलिका, पोट, सगळीकडे इजा होऊ शकते. आईंना तर नकोच.

गिरगावकर: बरोबर. शिवाय पैसे धुराचे, चव तीच व्हॅनिलाची. त्यापेक्षा तिखट-मीठ भुरभुरवलेलं पेरूचं आइस्क्रीम घ्या. पहिल्या घासाला आई नाक मुरडतील, मग कप परत देणार नाहीत.

प्रश्नकर्ती: पेरू पक्का! सोलकढी आधी की नंतर?

गिरगावकर: दोन्ही वेळा. विचारायचं काय त्यात?