१०६६ ची स्वारी आणि आजचं इमिग्रेशन, ही तुलना पटते का?

खिडकीतला
ब्रिटनमधल्या इमिग्रेशनवर वाद पेटला की कुणीतरी १०६६, म्हणजे फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंडवर केलेली स्वारी, काढतंच. एक म्हणतो बाहेरचे घुसले की काय होतं ते हेस्टिंग्जच्या लढाईत बघितलंय, दुसरा म्हणतो अहो नॉर्मन पण बाहेरूनच आले ना, इंग्रजीत ढिगाने फ्रेंच शब्द आहेत, काय बिघडलं? मला दोन्हीकडे काहीतरी खटकतं पण नेमकं काय ते पकडता येत नाहीये.

जुनं_दप्तर
खटकतंय ते हे की नॉर्मनांचा म्होरक्या विल्यम काम शोधायला आला नव्हता. ऑक्टोबरात इंग्लंडचा राजा हॅरल्ड लढाईत पडला, नाताळच्या दिवशी विल्यमने वेस्टमिन्स्टरला मुकुट चढवला आणि १०८६ ला डूम्सडे बुकात जमिनींची नोंद झाली तोवर बड्या जमीनदारांत इंग्रज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. आलेले नॉर्मन मात्र लोकसंख्येच्या मानाने चिमूटभर. म्हणजे किती आले हा मुद्दाच नाही, कायदा कुणाच्या हातात गेला हा आहे. तेव्हा 'मर्ड्रम' नावाचा दंड होता, प्रेत सापडलं आणि मेलेला इंग्रजच होता हे लोकांना सिद्ध करता आलं नाही तर तो नॉर्मन धरायचा आणि दंड भरायचा अख्ख्या परगण्याने. आज व्हिसा रिन्यू होईल का या धाकधुकीत बसलेल्या माणसाचा असा रुबाब असतो का?

सायसाखर
मुद्दा मान्य, पण पुढे मिसळलेच ना. गोठ्यातली गाय इंग्रजी शब्दाने 'काऊ' आणि ताटात आली की फ्रेंचमधून आलेलं 'बीफ', हे उदाहरण घासून गुळगुळीत झालंय तरी खोटं नाही. पार्लमेंटच्या कायद्याला राजाची मंजुरी आजही नॉर्मन फ्रेंचमध्येच सांगतात. आणि हे नॉर्मन तरी मूळचे कोण, ९११ ला फ्रान्सच्या राजाकडून जमीन मिळवून बसलेल्या व्हायकिंगांचे वंशज!

जुनं_दप्तर
मिसळले हो, पण कितीतरी पिढ्यांनी, आणि मधलं काय? १०६९-७० च्या हिवाळ्यात विल्यमच्या माणसांनी यॉर्कशायर नि आसपासची गावं, धान्य, गुरं सगळं जाळलं, लोक भुकेने मेले, आणि डूम्सडेत सोळाएक वर्षांनंतरही तिथल्या कितीतरी गावांपुढे 'वास्टा' लिहिलंय, म्हणजे उजाड. इमिग्रेशनच्या बाजूने बोलणाऱ्याने हे उदाहरण दिलं की मला कपाळावर हात मारावासा वाटतो, बाजू चांगली आणि साक्षीदार असला!

तिरपागडा
अहो मध्ययुगच हवं तर १०६६ कशाला, १४४० घ्या ना! त्या साली पार्लमेंटने परदेशी माणसांवर वेगळा कर बसवला, स्वतःचं घर चालवणाऱ्याला वर्षाला १६ पेन्स आणि बाकीच्यांना ६. गावोगाव चौकशी करून परक्यांच्या याद्या केल्या, त्या आजही आहेत, विणकर, मोची, सोनार, मोलकरणी, पोटासाठी आलेली साधी माणसं. त्याआधी राजा तिसऱ्या एडवर्डने फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या विणकरांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं, आणि १३८१ च्या शेतकऱ्यांच्या बंडात लंडनच्या जमावाने फ्लेमिश लोकांनाच शोधून शोधून मारलं. एका बखरीत लिहिलंय की 'ब्रेड अँड चीज' नीट म्हणता न आलेल्यांची मुंडकी उडवली. आजच्या वादाशी काही जुळत असेल तर हे, राजाला कारागीर हवेत आणि गल्लीतल्याला तोच डोळ्यात खुपतो.

खिडकीतला
हे १४४० चं माहीतच नव्हतं, थँक्स! पण परदेशी म्हणजे कोण धरायचे, वेल्स किंवा आयर्लंडचा माणूस आला तर त्यालाही कर?

तिरपागडा
वेल्सवाल्याला नाही. आयरिश माणसाला सुरुवातीला लावला, तो इंग्लंडच्या राजाचीच प्रजा असूनसुद्धा! मग बोंबाबोंब झाली आणि काही वर्षांत माफ केला.