मदत हवी आहे : जुन्या ड्रिलचा बॅटरी पॅक घरीच बांधायचाय

नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागला राहतो. अण्णांचं १४.४ व्होल्टचं कॉर्डलेस ड्रिल मशीन आहे, निकेल-कॅडमियमवालं. मोटर ठणठणीत, पण पॅक फुल चार्ज करूनही दोन स्क्रू पिळले की मान टाकतो. दुकानदार म्हणतो नवीनच घ्या. मन होईना.

रविवारी पॅक उघडला. आत १.२ व्होल्टचे १२ सेल. मीटर लावला तर आठ १.२५ च्या आसपास, तीन शून्य, आणि एकाच्या बुडाला पांढरी पूड, पत्ती हिरवी पडलेली. (पूड हाताला लागली, लगेच साबणाने धुतली. कॅडमियम विषारी, हे आधी आठवायला हवं होतं.)

हे चारच बदलू की बाराही? जुन्या-नव्याची मोट बांधली तर कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे त्याला उलटा चार्ज करून मारतात, म्हणून धाकधूक आहे.

दुसरा पर्याय लिथियमचा. '१८६५०' या मापाचे चार सेल सिरीजमध्ये, सोबत बीएमएस (सेलना जास्त चार्ज-डिस्चार्ज आणि जास्त करंटपासून वाचवणारं सर्किट). फुल चार्जला १६.८ व्होल्ट, म्हणजे जुना चार्जर बाद. पण ड्रिल अडकलं की एकदम करंट ओढतं, त्याला किती अँपिअरचा बीएमएस घ्यावा? कुणी केलंय का?

सेलवर थेट सोल्डरिंग करणार नाही, उष्णतेने सेल जातो. सांगली-मिरजेत निकेल पट्टीचं स्पॉट वेल्डिंग कोण करून देतं? कोल्हापूरलाही जाईन.

आणि खराब सेल द्यायचे कुठे? सध्या गॅलरीत बरणीत ठेवलेत. आई रोज विचारते, "हे कसलं लोणचं घातलंयस?"