निदारोसचे कॅथेड्रल खरोखर राक्षसाने बांधले का?

तापीकाठ (जळगाव):
माझा भाचा नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथे शिकतो. तेथील निदारोस कॅथेड्रलची छायाचित्रे पाठवताना त्याने लिहिले की, हे चर्च एका राक्षसाने बांधल्याची कथा तिकडे सांगतात. आपल्याकडेही एखाद्या हेमाडपंती देवळापाशी उभे राहिले, की कोणी तरी म्हातारबाबा ‘एका रात्रीत बांधलं हो’ म्हणतातच, म्हणून कुतूहल वाटले. यात तथ्य किती?

धुळेकर:
तथ्य नाही, पण कथा झकास आहे. मोबदल्यात सूर्य-चंद्र देण्याच्या बोलीवर नॉर्वेचा राजा ओलाफ (जो पुढे संत मानला गेला) राक्षसाकडून चर्च बांधून घेतो. मात्र काम संपण्याआधी राक्षसाचे नाव ओळखले, तर काहीच द्यायचे नाही. डोंगरातून जाताना राक्षसीण बाळाला झोपवताना ते नाव उच्चारते, राजा कळसावरच्या राक्षसाला त्याच नावाने हाक मारतो आणि तो खाली कोसळतो. प्रत्यक्षात ओलाफच्या हयातीत हे कॅथेड्रल नव्हतेच. तो २९ जुलै १०३० रोजी स्तिक्लेस्तादच्या लढाईत मारला गेला. त्याच्या थडग्याच्या जागी सुमारे १०७० मध्ये सुरू झालेले काम सुमारे १३०० पर्यंत चालले. एक रात्र सव्वादोनशे वर्षांची!

पाटणकर (चाळीसगाव):
मला राक्षसापेक्षा दुसरी कथा मोलाची वाटते. मृत्यूनंतर वर्षभराने ओलाफची शवपेटी उघडली, तेव्हा देह जसाच्या तसा असून केस आणि नखे वाढली होती, असे जुन्या नॉर्स गाथांत (सागांत) आहे. त्यावर राजमाता अल्फिवा (ओलाफनंतरचा राजा स्वेन याची आई) म्हणाली की, वाळूत पुरलेले प्रेत सावकाशच कुजते. बिशप ग्रिमकेलने मंतरलेल्या विस्तवावर केस ठेवले. ते जळले नाहीत. तेव्हा तिने साध्या विस्तवावर ठेवून पाहण्यास सांगितले, आणि एका सरदाराने तिला खडसावून गप्प केले. चमत्कार सांगणाऱ्यांनीच शंका घेणारीचे प्रश्न इतक्या नेमकेपणाने नोंदवून ठेवले, हे विशेष.

तापीकाठ (जळगाव):
आभारी आहे. मग ती पेटी आज तेथे आहे का?

धुळेकर:
नाही. १५३७ च्या धर्मसुधारणेनंतर चांदीची पेटी कोपनहेगनला नेऊन वितळवली गेली, आणि ओलाफचा देह नेमका कोठे पुरला हे आज कोणालाच ठाऊक नाही. इमारतही अनेकदा आगीत होरपळली. १८६९ मध्ये सुरू झालेला जीर्णोद्धार २००१ पर्यंत रेंगाळला. तेव्हा भाच्याला दर्शनी भिंतीवरचे पुतळे मध्ययुगीन समजू नकोस, असे कळवा. बहुतेक विसाव्या शतकातील आहेत.