स्टेंट बसवलेल्या माणसाला 'गोळी सोडा' सांगणारा तो मजकूर, आणि माझं उत्तर

औषधवाली_फोंडा
आमच्या वाड्याच्या ग्रुपवर काल एक लांबलचक मजकूर फिरला. कोलेस्टेरॉल म्हणजे औषध कंपन्यांनी उभा केलेला बागुलबुवा, आपले आजे-पणजे रोज नारळ खाऊन नव्वदी गाठत, स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीने, स्नायू आणि मेंदू झिजतात, तेव्हा गोळी आजच बंद करा. खाली अंगठ्यांची रांग.

मी औषधाचं दुकान चालवते. आज सकाळी एक काका आले, मधुमेहाच्या गोळ्या घेतल्या आणि अटोर्वास्टॅटिनची पट्टी काउंटरवर मागे सरकवली. "ही नको, वाचलं मी." या काकांना स्टेंट आहे. तो मजकूर लिहिणाऱ्याला हे काका माहीत नाहीत, उद्या काही झालं तर तो विचारायलाही येणार नाही. माझा राग त्याचा आहे.

१९९४ साली स्कँडिनेव्हियातला अभ्यास प्रसिद्ध झाला. ४,४४४ हृदयरुग्ण, निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. पाच वर्षांहून थोड्या जास्त काळात औषध नसलेल्या गटात २५६ माणसं गेली, औषधाच्या गटात १८२. ही रिपोर्टातल्या आकड्यांची घट नाही, मेलेल्या आणि वाचलेल्या माणसांची मोजणी आहे. त्यात आपला गोवा: आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीत मधुमेहात देशात पहिला, २६.४ टक्के. मधुमेह, वर स्टेंट, आणि त्यांना कोणीतरी फोनवरून गोळी बंद करायला सांगतो!

म्हापशेकर
स्टेंटवाल्यांचं बाजूला ठेवा, त्यांनी गोळी घ्यावी, मी कुठे नाही म्हणतो. पण तुम्ही तेच आकडे दाखवून धडधाकट माणसाला गोळी चिकटवता. २००८ चा ज्युपिटर अभ्यास घ्या. १७,८०२ माणसं, आधी हृदयविकार नसलेली. जगभर मथळा झाला 'धोका ४४ टक्के कमी'. प्रत्यक्षात हृदयविकार-पक्षाघातासारख्या घटना वर्षाला शंभर माणसांमागे १.३६ च्या ०.७७ झाल्या. पैसा त्याच औषधाच्या कंपनीचा. आणि स्टॅटिनने साखर वाढते ते का गाळलंत? गोव्यात मधुमेह इतका असताना?

माझ्या बायकोचं ऐका. एका लॅबचं 'फुल बॉडी' पॅकेज केलं, एलडीएल, म्हणजे 'वाईट' म्हणतात ते कोलेस्टेरॉल, लाल अक्षरात आला. डॉक्टरांनी प्रेशर विचारलं नाही, साखर बघितली नाही, घरात कोणाला अ‍ॅटॅक आला होता का विचारलं नाही. रिपोर्ट पाहिला आणि गोळी लिहिली. माणूस तपासायचा की कागद?

आणि तो एलडीएल तरी मोजलेला असतो का? बऱ्याच लॅब हिशेबाने काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल ('चांगलं' म्हणतात ते) वजा, ट्रायग्लिसराइडचा (रक्तातल्या चरबीचा) पाचवा भाग वजा. सूत्र १९७२ चं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की ते चालतच नाही.

कुळागरवाला
नारळाला शिव्या घालायच्या असतील तर आधी केरळचा अभ्यास वाचा. २०१६. हृदयविकाराचे २०० रुग्ण, निम्मे खोबरेल तेलात जेवण करणारे, निम्मे सूर्यफूल तेलात, दोन वर्षं. फरक काही नाही. आमच्या सावईला शंभर वर्षांपूर्वी रिफाइंड तेल कोणी पाहिलं होतं? आजोबा खोबऱ्याच्या रसाशिवाय जेवले नाहीत, नव्वदीतही माडाखाली उभे राहून पाडेल्यावर (नारळ पाडणाऱ्यावर) ओरडत होते. वडील मात्र लवकर गेले, ते विडीने.

औषधवाली_फोंडा
कुळागरवाला भाऊ, मी नारळाचं नावही काढलं नव्हतं, ते त्या मजकुरात होतं. पण आता काढलंत तर पूर्ण सांगा. केरळच्या त्या अभ्यासातले रुग्ण स्टॅटिनवरच होते. त्यातून एवढंच कळतं की गोळी चालू असताना तेल बदलून फार फरक पडला नाही. 'नारळ खा, गोळी सोडा' हे त्यातून निघत नाही, उलटंच निघतं. २०२० मध्ये १६ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. सूर्यफूल-सोयाबीनसारख्या तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल साधारण १० ने जास्त राहतो. एचडीएलही थोडा वाढतो, पण त्यावर हुरळून जायला नको. टोर्सेट्रॅपिब नावाच्या औषधाने एचडीएल भरपूर वाढवला आणि तरी माणसं जास्त दगावली, म्हणून २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली.

म्हापशेकर, साखरेचं खरं आहे. २५५ जणांनी चार वर्षं गोळी घेतली तर त्यात एकाला जास्तीचा मधुमेह होतो. मधुमेह होईल म्हणून अ‍ॅटॅकचा धोका पत्करायचा की नाही, हे प्रत्येकाचा धोका किती त्यावर. ट्रायग्लिसराइड जास्त असेल तर एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा करून बघा, तिथे सूत्र लागत नाही.

कुळागरवाला
त्या १६ चाचण्या तेलाच्या. आमच्या हुमणात (माशांच्या आमटीत) वाटलेलं खोबरं असतं, त्यात चोथा असतो. घाण्याचं तेल वेगळं, रस वेगळा.

औषधवाली_फोंडा
तेवढं मान्य. चाचण्या मुख्यतः तेलाच्याच आहेत.

शीतकडी
खोबरं परवडतं कोणाला? आमच्याकडे नारळ विकत आणायची वेळ आली, माड असून! पाडेली मिळत नाही, मिळाला तर येतो म्हणून दोन महिने येत नाही.

कुळागरवाला
पाडेली सोडा, माकडांचं बोला. कोवळी अडसरं (शहाळी) पोखरून खाली टाकतात. अर्ज करून दमलो. शहरात बसून 'नारळ वाईट' लिहिणाऱ्यांनी एकदा आमच्या बागेत येऊन पाहावं कसा टिकवतो एकेक माड.

म्हापशेकर
माकडं तुमच्याकडे आली कारण वरचं रान तुम्हीच काजूला साफ केलंत.

कुळागरवाला
आमच्या वाडवडिलांनी लावलेली झाडं तुम्ही आम्हाला शिकवू नका. म्हापशाच्या बाजारात तमिळनाडूचे नारळ घेऊन गोव्याचे म्हणून विकतात ते आधी थांबवा.

शीतकडी
ते खरं आहे, वासावरून कळतं. त्या नारळाची सोलकढी दुपारपर्यंत आंबते.

मास्तर_डिचोली
माकडांवरून मूळ विषयावर या. मी निवृत्त शिक्षक. स्टॅटिन चालू केल्यावर पोटऱ्या अशा दुखायच्या की देवळाच्या पायऱ्या चढताना कठडा धरावा लागे. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, "मास्तर, मनातलं आहे." पस्तीस वर्षं मुलांना शिकवलेल्या माणसाला मनातलं आणि पोटरीतलं कळत नाही? औषधवाली बाय, तुम्हीही तेच म्हणणार असाल तर सरळ सांगा.

औषधवाली_फोंडा
नाही मास्तर. तुमचं दुखणं खोटं म्हणणारा डॉक्टर चुकला. पण लंडनमधला एक अभ्यास सांगते, २०२० चा. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेली ६० माणसं. प्रत्येकाला १२ बाटल्या, एका महिन्याला एक: चारांत स्टॅटिन, चारांत औषध नसलेली गोळी, चार रिकाम्या. रोजचा त्रास फोनवर नोंदवायचा. गोळी नसलेल्या महिन्यांत त्रास कमी, आणि गोळी असलेल्या महिन्यांत तो स्टॅटिनचा असो की खोटीचा, जवळजवळ सारखाच. स्टॅटिनने होणाऱ्या त्रासातला ९० टक्के खोट्या गोळीनेही झाला. आपापले आलेख पाहिल्यावर निम्म्या लोकांनी औषध पुन्हा सुरू केलं.

मास्तर_डिचोली
साठ माणसं! आणि सेरिव्हास्टॅटिनचं काय? स्नायू विरघळून माणसं मेली म्हणून २००१ मध्ये बाजारातून काढलं ना? तेही कोणाच्या मनातलं होतं का?

औषधवाली_फोंडा
ते मनातलं नव्हतं आणि ते औषध काढलं ते योग्यच झालं. खरी स्नायुइजा होते, क्वचित होते, रक्तात सीके नावाचा स्नायूंतला घटक तपासून कळते. तुमची ती तपासणी केली होती का?

मास्तर_डिचोली
नाही. कोणी सुचवलीही नाही.

औषधवाली_फोंडा
मग भांडण त्या न सुचवण्याशी आहे. डोस कमी करता येतो, दुसरं स्टॅटिन देता येतं, एझेटिमाइब ही स्टॅटिन नसलेली गोळी आहे, सहा महिन्यांनी एकदा घ्यायचं इन्क्लिसिरानचं इंजेक्शन आहे (महाग आहे). 'सोसा नाहीतर सोडा' एवढाच पर्याय नसतो.

म्हापशेकर
आलं शेवटी महागडं इंजेक्शन. म्हणूनच म्हणतो, कंपन्यांचा खेळ. अमेरिकेत मिनेसोटात नऊ हजारांवर लोकांना मक्याचं तेल देऊन कोलेस्टेरॉल उतरवलं, मृत्यू काही कमी झाले नाहीत. ते आकडे २०१६ पर्यंत नीट बाहेरही आले नव्हते. उतरवलं की माणूस वाचतो हे गृहीत धरणंच चूक.

औषधवाली_फोंडा
कंपनी नसलेलं उदाहरण देते. काही लोकांत पीसीएसके९ नावाचं जनुक जन्मतःच बिघडलेलं असतं, त्यामुळे एलडीएल आयुष्यभर कमी राहतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांत डॅलसच्या संशोधकांनी २००६ मध्ये हे दाखवलं: एलडीएल २८ टक्के कमी, हृदयविकार ८८ टक्के कमी. त्यांना कोणी गोळी विकली नव्हती. मिनेसोटात बहुतेकांना तो आहार फार थोडा काळ मिळाला. इथे जन्मापासूनचा हिशेब आहे.

म्हापशेकर
जन्मापासून कमी असणं वेगळं आणि पन्नाशीत गोळीने कमी करणं वेगळं. पण हा मुद्दा वजनदार आहे, तेवढं म्हणतो. बायकोची गोळी मात्र चालू करणार नाही, आधी तिला नीट तपासणारा डॉक्टर शोधतो.

सांज_वास्को
मी मघापासून वाचतेय. तुम्ही नारळ, माकडं, पोटऱ्या करत बसलात. माझा भाऊ चाळिशीच्या आत अ‍ॅटॅकने आडवा झाला. सिगारेट नाही, दारू नाही, वजन आटोक्यात. एलडीएल दरवर्षी 'नॉर्मल'. आईने दरवर्षी तो कागद देवासमोर ठेवला. अ‍ॅटॅकनंतर एकाने लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तातला एलडीएलसारखाच एक कण, तपासलं, ते खूप वर होतं. काकांचंही तसंच निघालं. तो कण १९६३ पासून माहीत आहे, नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी शोधला. जनुकांतून येतो, पथ्याने हलत नाही. आमच्या पॅकेजमध्ये सत्तर तपासण्या होत्या, ही नव्हती. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये सांगितलं की आयुष्यात एकदा तरी ही बघा. मग आमच्याकडे कोणी का नाही सांगितलं? मला गोळी चांगली की वाईट यात रस नाही. तरुण माणूस वेळेवर कसा कळणार ते बोला.

म्हापशेकर
ताई, या चाचणीच्या बाजूने मी आहे. लॅबवाल्यांनी सत्तर निरुपयोगी तपासण्यांऐवजी ही एक ठेवावी.

सांज_वास्को
पण तुमच्यासारख्यांचं 'कोलेस्टेरॉल बनाव' वाचून माझ्या चुलतभावाने तपासणीच टाळली आहे. त्याचं काय?

म्हापशेकर
'बनाव' हा शब्द मी वापरला नाही. त्या मजकुरातला आहे.

सांज_वास्को
त्याच मजकुराला तुम्ही काल ग्रुपवर अंगठा दिला होतात.

मास्तर_डिचोली
स्टॅटिनने हे लायपोप्रोटीन-ए उतरतं का?

सांज_वास्को
नाही उतरत. म्हणून भावाचा एलडीएल आणखी खाली ठेवायला सांगितलंय, ५५ च्या आत. गोळीशिवाय तिथे पोचता येत नाही. कुळागरवाला भाऊ, तुमचे वडील किती वर्षांचे होते?

कुळागरवाला
पन्नाशी नुकतीच गाठली होती. पण विडी होती, सांगितलं ना.

सांज_वास्को
विडी होती ते खरं. पण तुमचे मुलगे किती मोठे आहेत?

कुळागरवाला
थोरला तीस. विडी ओढत नाही. नारळ मी बंद करणार नाही, हे आधीच सांगतो. ही चाचणी कुठे होते, उपाशी जावं लागतं का?

औषधवाली_फोंडा
उपाशी जायला नको. फोंड्यात, मडगावात खासगी लॅब करतात. पॅकेज मागू नका, चिठ्ठीवर 'लिपिड प्रोफाइल आणि लायपोप्रोटीन-ए' एवढंच लिहून घ्या. आकडा ५० मिलिग्रॅमच्या वर आला तर धाकट्यालाही न्या. आणि तुमचंही करा, मुलांकडे ते तुमच्याकडून जाऊ शकतं.