मदत हवी आहे: ऑफ-रोडसाठी नी-ब्रेस घ्यावा की साधे नी-गार्ड पुरेत?

नमस्कार मंडळी. ऑफ-रोड बाइक चालवणाऱ्यांचा अनुभव हवा आहे.

सध्या मी ईएन १६२१-१ (बाइकस्वारांच्या गार्डसाठीचं युरोपीय मानक), लेव्हल २ म्हणजे त्यातल्या वरच्या पातळीचे नी-गार्ड वापरतो. गुडघा आपटला तर ते मार झेलतात, पण या मानकात चाचणी आघाताची असते, पिळवटण्याची नाही. आणि मला खरी धास्ती पिळवटण्याचीच आहे. वळणावर आधाराला पाय टेकवला, बूट चिखलात रुतला आणि गाडी पुढे सरकली, की मांडी एकीकडे आणि नडगी दुसरीकडे फिरते. माझ्या भावाचा एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध) असाच तुटला. शस्त्रक्रिया झाली, फिजिओथेरपी अजून चालू आहे.

बिजागरीचा, कडक फ्रेमवाला ब्रेस गुडघा उलटा वाकू देत नाही, हे पटतं. पण काही जण म्हणतात, मग तोच जोर मांडीच्या किंवा नडगीच्या हाडावर जातो. हाड बहुधा जुळून येतं, पूर्ण तुटलेला एसीएल सहसा आपोआप जुळत नाही, म्हणून माझा कल ब्रेसकडेच आहे.

ब्रेस घालून पडल्यावर कुणाचं हाड मोडलंय का? घाम आल्यावर तो खाली घसरतो का? उंच बुटाच्या काठाला अडतो का? आणि मांडीचा घेर दोन मापांच्या मधे येत असेल तर कुठलं माप घ्यावं?