‘सस्टेनेबल’ कुर्त्याला अडीच हजार मोजावेत का?

सीवूड्सकर: छोट्या ब्रँडांच्या ‘पर्यावरणपूरक’ टॅगला मी तरी विटलोय. ‘अझो-फ्री रंग’ म्हणे! अझो हा कृत्रिम रंगांचा एक प्रकार; त्यातल्या घातक रंगांवर आपल्याकडे १९९७ पासून बंदी आहे. कायदा पाळल्याचे जादा पैसे कसले मागता? आणि ‘बांबूचं कापड’ म्हणून जे मऊ मऊ विकतात ते बहुतेकदा व्हिस्कोसच, लगदा रसायनात विरघळवून काढलेलं. त्यापेक्षा राम मारुती रोडवरचा चारशेचा कुर्ता बरा. निदान उपदेश तरी ऐकावा लागत नाही.

टाचणी: चारशेत सूत, रंग, शिलाई आणि दुकानभाडं बसवून दाखवा, साहेब. कुणाच्या तरी मजुरीलाच कात्री लागलेली असते. नौपाड्यात माझं दोन मशीनचं काम आहे. ऑर्डर आली की मगच कापड कापते, त्यामुळे माल पडून राहत नाही. बाजूच्या शिवणीत दीड इंच माया, म्हणजे आत जादा कापड, सोडते. अंग सुटलं तर उसवून सैल करून देते, फुकट. पण खरं सांगू? टॅग कुणी वाचत नाही. पहिला प्रश्न खिसा आहे का, दुसरा आठ दिवस कशाला लागतात.

सीवूड्सकर: म्हणजे माझंच म्हणणं झालं ना! गिऱ्हाईक खिशासाठी येतं, पृथ्वीसाठी नाही.

घोडबंदरवासी: मी घेते हो पृथ्वीसाठी, आणि पस्तावते. नैसर्गिक निळीचा कुर्ता घेतला. पहिल्याच दिवशी लोकलच्या गर्दीत घाम आला आणि पांढरी ओढणी निळी. ब्रँडचं उत्तर काय, तर ‘हीच हँडमेडची खासियत’.

टाचणी: डोंबलाची खासियत! वरवर बसलेली नीळ विकण्याआधीच धुऊन काढायची असते. तेवढी मेहनत वाचवली त्यांनी.

हिशेबतपासनीस: भांडण पुराव्याचं आहे. ‘गॉट्स’ या सेंद्रिय कापडाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं ‘ऑरगॅनिक’ लेबल हवं तर किमान ९५ टक्के धागा प्रमाणित सेंद्रिय लागतो, शिवाय सूतकताईपासून शिलाईपर्यंत तपासणी. दोन मशीनवालीला तो खर्च झेपायचा नाही. पण केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ऑक्टोबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे नुसतं ‘इको-फ्रेंडली’ लिहून भागत नाही, आधार द्यावा लागतो. टाचणीताई, मोठे शब्द सोडा. ‘दीड इंच माया, सैल करून मोफत’ एवढंच छापा.

सीवूड्सकर: असा टॅग असेल तर बायकोसाठी घेईन. अडीच हजारांना मात्र नाही.

टाचणी: अठराशे. खिशाचे वेगळे लावत नाही.